बेघर कोणास म्हणावे? : अमेरिकेतील निवारा-अनुदानाचा इतिहास

निराश्रितास आश्रय देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, याविषयी कोणत्याही काळी फारसा मतभेद झालेला नाही. मतभेद होतो तो पुढच्या दोन प्रश्नांवर. निराश्रित कोणास म्हणावयाचे, आणि त्याचा भार कोणत्या गावाने वाहावयाचा? दान जोपर्यंत व्यक्तीच्या हातून होते, तोपर्यंत हे प्रश्न दात्याच्या विवेकावर सोपविता येतात. तेच दान शासनाच्या तिजोरीतून होऊ लागले म्हणजे मात्र त्यांची उत्तरे लिहून ठेवावी लागतात. आणि उत्तर एकदा लिहिले गेले की शब्दाची सीमा हीच साहाय्याची सीमा होऊन बसते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थानिक समुदायांनी बेघरांसाठी संघराज्य शासनाकडे अनुदान मागावयाचे व ते आपसांत वाटून घ्यावयाचे, अशी पद्धती गेल्या काही दशकांत रूढ झाली. तिचा इतिहास वरवर पाहता अर्थसंकल्पाचा इतिहास आहे. वस्तुतः तो काही थोड्या शब्दांच्या अर्थांतराचा इतिहास आहे.

वास्तव्याचा नियम

या इतिहासाचे मूळ इंग्लंडच्या दरिद्री-कायद्यात सापडते. १६०१ च्या कायद्याने दरिद्री लोकांच्या पोषणाचा भार ज्या त्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील स्थानिक वस्तीवर टाकला. १६६२ च्या कायद्याने त्यास वास्तव्याच्या हक्काची जोड दिली. ज्याचे कायदेशीर वास्तव्य आपल्या हद्दीत नाही, अशा दरिद्री माणसास त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठविण्याचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्यांस मिळाला. हीच कल्पना समुद्रापलीकडच्या वसाहतींत गेली. न्यू इंग्लंडमधील गावे परक्या दरिद्री कुटुंबांस गाव सोडण्याची रीतसर ताकीद देत. प्रत्येक वेळी त्यांना हाकलून दिले जाईच असे नाही. परंतु ताकीद दिलेली असली म्हणजे पुढे त्यांच्या पोषणाची जबाबदारी गावावर येत नसे. या व्यवस्थेत ‘कोणास घर नाही’ हा प्रश्नच नव्हता. ‘हा आपला आहे की नाही’ एवढाच प्रश्न होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेमार्ग पसरले, हंगामी मजुरांची फिरती वाढली आणि त्यांच्यासाठी नवे शब्द रूढ झाले. काम करीत फिरणारा तो ‘होबो’, काम न करता फिरणारा तो ‘ट्रॅम्प’, आणि कामही न करणारा व फिरतही नसणारा तो ‘बम’, असा भेद बोलीभाषेत केला जाई. शिकागोच्या होबोंचा नेल्स अँडरसन यांनी केलेला अभ्यास १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही असे भेद येतात. या शब्दांकडे लक्ष दिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांपैकी एकही शब्द घराचा अभाव सांगत नाही. ते सर्व माणसाचे श्रमाशी व प्रवासाशी असलेले नाते सांगतात. ज्या समाजात पोषणाचा हक्क वास्तव्यावर अवलंबून होता, त्या समाजाला माणूस फिरतो की नाही हेच प्रथम पाहावेसे वाटावे, हे स्वाभाविक होते.

महामंदीच्या काळात या व्यवस्थेची मर्यादा उघडी पडली. लक्षावधी माणसे कामाच्या शोधात एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ लागली, आणि कोणतेही राज्य त्यांना आपले म्हणेना. १९३३ च्या मे महिन्यात संघराज्याचा आपत्कालीन साहाय्याचा कायदा झाला. त्या योजनेचे सूत्रधार हॅरी हॉपकिन्स यांनी अशा फिरस्त्या लोकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम उभारला. राज्यांनी आपल्या योजना मांडावयाच्या आणि संघराज्याने त्यांस द्रव्य पुरवावयाचे, अशी त्याची रचना होती. परंतु त्यासाठी फिरस्ता कोण हे ठरवावे लागले. ज्याचे त्या राज्यातील सलग वास्तव्य बारा महिन्यांहून कमी आहे तो फिरस्ता, अशी व्याख्या करण्यात आली. ज्याने बारा महिने त्याच राज्यात काढले होते त्यास घर नसले, तरी तो या कार्यक्रमाच्या दृष्टीने फिरस्ता नव्हता. त्याचा भार राज्यावर व गावावर राहिला. एकाच रस्त्यावर, एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन उपाशी माणसांमध्ये हा बारा महिन्यांचा फरक उभा राहिला. कार्यक्रम १९३५ मध्ये गुंडाळण्यात आला. वास्तव्याची अट मात्र सार्वजनिक साहाय्याच्या इतर योजनांत पुढेही टिकली. साहाय्यासाठी एक वर्षाच्या वास्तव्याची अट घालणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९६९ मध्ये.

संख्येचा वाद आणि १९८७ चा कायदा

‘होमलेस’ हा शब्द इंग्रजीत जुना असला, तरी शासकीय व सार्वजनिक चर्चेतील मुख्य शब्द म्हणून तो स्थिर झाला तो १९८० च्या सुमारास. १९७९ मध्ये रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने न्यूयॉर्कच्या बाउअरी भागातील निराश्रित पुरुषांच्या वतीने दावा दाखल केला. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत गरजूंच्या साहाय्याविषयी १९३८ मध्ये घातलेल्या कलमाचा त्यास आधार होता. १९८१ च्या ऑगस्टमध्ये जो समझोता झाला, त्याने शहरावर पात्र पुरुषांना रात्रीचा निवारा देण्याचे बंधन आले. त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये मिच स्नायडर व त्यांचे सहकारी उपोषणांच्या मार्गाने हा प्रश्न राष्ट्रापुढे मांडत होते.

त्यापाठोपाठ संख्येचा वाद उभा राहिला. देशात वीस ते तीस लाख बेघर आहेत, असे चळवळीतील मंडळी म्हणत. गृहनिर्माण व नगरविकास खात्याने १९८४ मध्ये काढलेला अंदाज अडीच ते साडेतीन लाखांचा होता. १९९० च्या जनगणनेत एका रात्री निवाऱ्यांत व रस्त्यांवर मोजलेली संख्या सुमारे २ लाख २८ हजार भरली, आणि तीही वादग्रस्त ठरली. या आकड्यांतील तफावत केवळ मोजणीच्या दोषांतून आलेली नव्हती. एका रात्री निवाऱ्यात वा पुलाखाली आढळलेला माणूस मोजावयाचा, की वर्षभरात कधीतरी ज्याच्यावर ही वेळ आली असा प्रत्येक माणूस मोजावयाचा? भावाच्या घरी जमिनीवर झोपणारे कुटुंब मोजावयाचे की नाही? दोन्ही पक्ष एकच शब्द वापरीत होते, पण त्या शब्दाखाली एकच माणसे येत नव्हती.

पैसा मात्र या वादाचा निकाल लागण्यापूर्वीच वाहू लागला. १९८३ च्या मार्चमध्ये अन्न व निवाऱ्यासाठी आपत्कालीन तरतूद झाली. तिच्या वाटपासाठी धर्मादाय संस्थांच्या प्रतिनिधींचे राष्ट्रीय मंडळ नेमण्यात आले व ठिकठिकाणी त्याच धर्तीची स्थानिक मंडळे स्थापन झाली. बेकारी व दारिद्र्य यांच्या प्रमाणात रक्कम कोणत्या काउंटीस जावी हे वरून ठरे; ती कोणत्या संस्थेस मिळावी हे खालचे मंडळ ठरवी. पुढे जी पद्धती विस्तारली, तिचे बीज येथे दिसते. २२ जुलै १९८७ रोजी अध्यक्ष रेगन यांनी ज्या अधिनियमावर स्वाक्षरी केली, त्यास त्याच वर्षी मे महिन्यात निधन पावलेले कनेटिकटचे प्रतिनिधी स्ट्युअर्ट मॅकिनी यांचे नाव देण्यात आले. २००० मध्ये त्यास मिनेसोटाचे प्रतिनिधी ब्रूस व्हेंटो यांच्या नावाचीही जोड मिळाली. ज्यास रात्री राहण्यास स्थिर, नियमित व पुरेसे ठिकाण नाही तो बेघर, असा या अधिनियमातील व्याख्येचा गाभा आहे. त्यातील तीनही विशेषणे मोजपट्टीने मोजता येण्याजोगी नाहीत. म्हणूनच पुढील तीस वर्षे त्यांच्या अर्थनिर्णयात गेली.

अर्जातून घडलेला समुदाय

अधिनियमाने प्रथम पंधरा कार्यक्रम सुरू केले. निवाऱ्यांसाठीचे आपत्कालीन अनुदान ठराविक सूत्रानुसार राज्यांना व मोठ्या शहरांना मिळे; इतर योजनांसाठी संस्थांना स्पर्धेत उतरावे लागे. प्रत्येक संस्था आपला अर्ज स्वतंत्रपणे वॉशिंग्टनला पाठवी. ज्या संस्थेजवळ अर्ज लिहिणारा कुशल माणूस होता तिला अनुदान मिळे. एखाद्या शहरात व्यसनमुक्तीची तीन केंद्रे निघत, परंतु त्यांतून बाहेर पडलेल्यास राहावयाला एकही खोली नसे. अर्ज चांगला असणे आणि गरज मोठी असणे या भिन्न गोष्टी होत, हे लवकरच ध्यानात आले.

१९९३ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन येथे गृहनिर्माण खात्याच्या इमारतीसमोरील बाकावर एका बेघर स्त्रीचा मृत्यू झाला, आणि खात्याचे तत्कालीन मंत्री हेन्री सिस्नेरोस यांच्यापुढे हा प्रश्न शब्दशः दाराशी येऊन उभा राहिला. त्यांच्या व साहाय्यक मंत्री अँड्र्यू क्युओमो यांच्या कारकिर्दीत, १९९४-९५ च्या सुमारास, खात्याने नवी पद्धती अंगीकारली. यापुढे सुट्या संस्थांनी नव्हे, तर संपूर्ण समुदायाने एकच अर्ज करावयाचा. त्यात आपल्या हद्दीतील गरज, उपलब्ध सेवा व उणीवा मांडावयाच्या, आणि मागितलेल्या प्रकल्पांना अग्रक्रम लावावयाचा. या रचनेस ‘कंटिन्युअम ऑफ केअर’, म्हणजे सेवेचे सातत्य, असे नाव मिळाले. रस्त्यावरील भेटीपासून निवारा, निवाऱ्यापासून तात्पुरते निवासस्थान आणि तेथून कायमचे घर, अशा पायऱ्यांची एक अखंड मालिका त्या नावात अभिप्रेत होती.

येथे अर्थांतराचे एक लक्षणीय उदाहरण आढळते. प्रथम हे नाव सेवांच्या मालिकेचे होते. थोड्याच वर्षांत ते ती मालिका चालविणाऱ्या संस्थांच्या समूहाचे नाव झाले. पुढे तर त्या समूहाच्या भौगोलिक हद्दीचेही झाले. आज देशात अशा सुमारे चारशे हद्दी आहेत. काही एका शहरापुरत्या, काही अनेक काउंट्यांच्या. आणि ज्या प्रदेशांनी स्वतंत्र अर्ज केला नाही, ते ‘उर्वरित राज्य’ या नावाखाली एकत्र आले. लॉस एंजलिसचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील शहर व काउंटी यांनी १९९३ मध्ये संयुक्त प्राधिकरण स्थापिले आणि ते समुदायाचा अर्ज सांभाळू लागले. परंतु त्याच काउंटीतील लाँग बीच, पॅसडीना व ग्लेंडेल या शहरांच्या हद्दी निराळ्या राहिल्या. बेघर माणूस एका रस्त्यावरून पलीकडच्या रस्त्यावर गेला म्हणजे तो दुसऱ्या अर्जात जातो. समुदाय आधी होता व त्याने अर्ज केला, असे येथे घडले नाही. अर्ज करावयाचा होता म्हणून समुदायाची सीमा आखली गेली. तीन शतकांपूर्वीचा पॅरिश या रीतीने नव्या वेषात परत आला. मात्र भार टाळण्यासाठी नव्हे, अनुदान मिळविण्यासाठी.

मोजणी आणि ‘दीर्घकालीन’ बेघर

एकत्र अर्ज करावयाचा तर एकत्र मोजणेही आले. २००१ मध्ये काँग्रेसने स्थानिक पातळीवर व्यक्तिनिहाय नोंदी गोळा करण्याचा आग्रह धरला. त्या नोंदींची मानके २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. २००५ पासून जानेवारीच्या अखेरच्या दहा दिवसांतील एका रात्री रस्त्यावरील माणसांची देशव्यापी गणना होऊ लागली. स्वयंसेवक हातात दिवे घेऊन पूल, उद्याने व उभ्या मोटारगाड्या यांच्यात फिरतात आणि दिसेल तो माणूस नोंदवितात. जो दिसला नाही तो त्या वर्षी नसतोच.

याच काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेनिस कलहेन व त्यांचे सहकारी निवाऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास करीत होते. १९९८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया येथील निवाऱ्यांत येणाऱ्या एकट्या प्रौढांपैकी सुमारे ८० टक्के थोड्या दिवसांत बाहेर पडतात व बहुधा परत येत नाहीत. परंतु सुमारे १० टक्के माणसे दीर्घकाळ तेथेच राहून निवाऱ्याच्या एकूण दिवसांपैकी जवळजवळ निम्मे दिवस व्यापतात. तत्पूर्वी, १९९२ मध्ये, सॅम सेंबेरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये पायऱ्यांची कल्पनाच बाजूस सारली होती. व्यसन सुटण्याची वा उपचार पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी घर द्यावयाचे, हे त्यांचे तत्त्व ‘हाउसिंग फर्स्ट’ या नावाने प्रसिद्ध झाले. ज्या पद्धतीच्या नावातच पायऱ्यांचे सातत्य होते, तिच्याच पोटात पायऱ्या नाकारणारे तत्त्व वाढले. नाव मात्र बदलले नाही.

या दोहोंच्या संगमातून २००३ मध्ये ‘दीर्घकालीन बेघर’ ही संज्ञा शासनाने व्याख्याबद्ध केली. ज्यास अपंगत्व वा तत्सम व्याधी आहे, आणि जो सलग एक वर्ष, अथवा तीन वर्षांत चार वेळा बेघर झाला आहे असा एकटा माणूस, असा तिचा अर्थ होता. मुलासह रस्त्यावर आलेली आई कितीही वर्षे तशी राहिली, तरी या संज्ञेत बसत नव्हती. कुटुंबांचा समावेश २००९ च्या सुधारणेने झाला. २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अंतिम नियमाने चार वेळांची बेरीज किमान बारा महिने भरली पाहिजे असे ठरविले; सलग सात रात्री अन्यत्र निघाल्या तर खंड पडला असे मानावयाचे, हेही सांगितले.

या बारा महिन्यांपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. १९३३ मध्ये बारा महिने एका राज्यात राहिलेला माणूस फिरस्त्यांच्या साहाय्यास अपात्र ठरे. २०१५ च्या नियमात बारा महिने कोठेही घर नसलेला माणूस अग्रक्रमास पात्र ठरतो. दोन्ही ठिकाणी माणसाला आपल्या दुःखाचा कालावधी कागदाने सिद्ध करावा लागतो. आणि दुसऱ्या प्रसंगी एक विचित्र परिणाम घडतो. थंडीत एखाद्या नातेवाइकाने दहा रात्री आपल्या घरी झोपू दिले, तर ती दया नोंदीत ‘खंड’ म्हणून उतरते, आणि घर मिळण्याची वेळ पुढे जाऊ शकते.

वाटपाची रीत

२० मे २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांच्या स्वाक्षरीने झालेल्या सुधारणा-अधिनियमाने स्पर्धेचे जुने कार्यक्रम एका कार्यक्रमात विलीन केले. २०१२ मध्ये त्याचे अंतरिम नियम निघाले. त्यानुसार समुदायाने एक मंडळ नेमावयाचे आणि अर्ज सादर करणारी एक संस्था ठरवावयाची. खाते अर्जांसाठी सूचना काढते. समुदाय आपल्या संस्थांकडून प्रकल्प मागवितो, त्यांना गुण देतो, आणि सर्वांची एक क्रमवार यादी करून पाठवितो. यादीचे दोन भाग असतात. वरच्या भागातील प्रकल्प बहुधा सुरक्षित असतात. खालच्या भागातील प्रकल्पांना देशभरच्या प्रकल्पांशी स्पर्धा करावी लागते. भाड्याने घेतलेल्या जागांची रक्कम सोडून उरलेल्या अनुदानाच्या एकचतुर्थांश इतका वाटा संस्थांनी इतरत्र उभा करावयाचा असतो. एखाद्या समुदायाच्या वाट्यास मूळ किती रक्कम यावी हे ठरविताना नगरविकास-अनुदानासाठी तयार झालेले लोकसंख्या, दारिद्र्य, जुनी घरे इत्यादींचे सूत्र वापरले जाते. जानेवारीच्या रात्री मोजलेली माणसे त्या सूत्रात नसतात.

या रीतीचा गुण असा की, स्थानिक माहिती असलेल्यांच्या हाती निर्णय येतो. ह्यूस्टनमध्ये शंभराहून अधिक संस्थांनी एकाच योजनेखाली काम केले, घरमालकांशी एकत्रितपणे बोलणी केली, आणि २०११ नंतरच्या दशकात तेथील बेघरांची मोजलेली संख्या निम्म्याहून अधिक घटली. दोषही त्याच गुणात दडलेला आहे. यादी करणारे आणि यादीत असणारे पुष्कळदा एकाच गावचे, एकमेकांच्या ओळखीचे असतात. अनुदानाचा मोठा भाग चालू प्रकल्पांच्या नूतनीकरणातच जातो. नव्या संस्थेस जागा द्यावयाची तर जुन्या संस्थेची रक्कम काढून घ्यावी लागते. आणि जुन्या प्रकल्पाच्या घरात माणसे राहत असतात. त्यामुळे यादीतील शेवटचा क्रमांक हा केवळ क्रमांक राहत नाही. तो कोणाच्या तरी भाड्याचा प्रश्न असतो.

व्यक्तींची निवडही अशीच गुणांवर आली. सर्व दारांतून येणाऱ्यांची एकाच रीतीने पाहणी करावी, यासाठी २०१३ पासून एक प्रश्नावली अनेक समुदायांनी स्वीकारली; उत्तरांवरून व्यक्तीची दुर्बलता अंकांत काढली जाई. पुढे अभ्यासकांनी दाखविले की, कृष्णवर्णीयांना तीत सरासरीने कमी गुण मिळतात. आपल्या आजाराविषयी, अटकेविषयी, अत्याचाराविषयी परक्या माणसासमोर बोलण्याची तयारी प्रत्येकाची सारखी नसते; जो बोलला नाही तो कमी दुर्बल ठरला. प्रश्नावलीच्या कर्त्यांनीच ती मागे घेण्याचे जाहीर केले.

एक शब्द, दोन खाती

व्याख्येची शक्ती सर्वाधिक स्पष्ट होते ती मुलांच्या बाबतीत. त्याच मॅकिनी-व्हेंटो अधिनियमाच्या शिक्षणविषयक भागात, जानेवारी २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, घर गमावल्यामुळे वा आर्थिक अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरी दाटीने राहणारी मुलेही बेघर मानली गेली. शाळांच्या नोंदींनुसार अशा व इतर बेघर विद्यार्थ्यांची संख्या दरवर्षी दहा लाखांच्या आसपास वा तिच्याही वर असते. गृहनिर्माण खात्याच्या गणनेत मात्र दुसऱ्याच्या घरी राहणारी कुटुंबे साधारणतः येत नाहीत. म्हणजे एकच मूल सकाळी शाळेत बेघर असते आणि रात्री गणनेत नसते. शाळा त्यास बसभाडे देऊ शकते. घर देऊ शकत नाही.

खात्याच्या २०२४ च्या एका रात्रीच्या गणनेत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. अशी गणना सुरू झाल्यापासूनची ती सर्वाधिक संख्या होती. या वाढीमागे भाड्यांची वाढ, परवडणाऱ्या घरांचा तुटवडा, नव्या स्थलांतरितांचे आगमन अशी अनेक कारणे होती. परंतु तिच्यामुळे ‘हाउसिंग फर्स्ट’ या तत्त्वावरचा जुना वाद पुन्हा पेटला. २०२५ च्या जुलैमधील अध्यक्षीय आदेशाने त्या तत्त्वाचा शासकीय पाठिंबा काढून घेण्याचे धोरण जाहीर केले. नोव्हेंबरात निघालेल्या अर्जसूचनेने कायम निवासावर खर्च करावयाच्या रकमेस तीस टक्क्यांची मर्यादा घातली. तोवर अनुदानाचा बहुतांश भाग त्यावरच खर्च होत होता. अनेक राज्ये व संस्था न्यायालयात गेल्या, आणि डिसेंबरात न्यायालयाने तात्पुरती मनाई केली. तीस वर्षे एका भाषेत अर्ज लिहावयास शिकलेल्या समुदायांपुढे दुसरी भाषा शिकण्याची वेळ आली.

मराठीत ‘बेघर’ हा शब्द सोपा वाटतो, कारण तो केवळ अभाव सांगतो आणि अभाव डोळ्यांना दिसतो असे आपण समजतो. वरील इतिहास हा समज खोटा ठरवितो. पॅरिशच्या ताकिदीपासून जानेवारीच्या रात्रगणनेपर्यंत प्रत्येक व्यवस्थेने आपल्याला देता येईल तेवढ्याच माणसांना सामावणारा शब्द शोधला. द्रव्य अपुरे असेल तेथे रेषा आखावीच लागते, आणि त्याबद्दल शासनास वा समुदायास सरसकट दोष देणे न्याय्य नाही. दोष तेव्हा लागतो, जेव्हा रेषेबाहेरचा माणूस नाहीच असे मानले जाते. अर्जात ज्याच्यासाठी रकाना नाही, त्यास घराची गरज नाही असा त्याचा अर्थ होत नाही. त्या इतिहासातील प्रत्येक मोठी सुधारणा, मग ती १९६९ चा निर्णय असो, १९८१ चा समझोता असो वा २००९ मधील कुटुंबांचा समावेश असो, अशाच एखाद्या वगळलेल्या माणसाने व्याख्येच्या दारावर थाप मारल्यामुळे घडून आलेली आहे.